जुन्या लाउडस्पीकरमध्ये परवडणारा नवा ड्रायव्हर बसवायचा तर

जुन्या स्पीकरचा वूफर (पेटीतला आवाज काढणारा प्रत्येक भाग म्हणजे ड्रायव्हर, आणि खर्जाचा मोठा ड्रायव्हर म्हणजे वूफर) गेला की माणूस आधी पट्टी लावून व्यास मोजतो. आठ इंच भरला, आठ इंची नवा आणला, चार स्क्रू पिळले, झालं काम. आवाज येतोही. पण खर्ज एक तर घुमत राहतो नाही तर गायबच होतो, आणि वरचे स्वर कानाला टोचायला लागतात. यात नव्या ड्रायव्हरचा दोष बहुधा नसतो. जुनी पेटी आणि तिच्यातला क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट) त्या एका जुन्या ड्रायव्हरच्या मापाने बेतलेले असतात, आणि ते माप इंचात सांगता येत नाही.

पुढच्या पायऱ्या घरगुती दोन किंवा तीन ड्रायव्हरच्या स्पीकरसाठी आहेत. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत लोहचुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विजेने चुंबक होणारी तारेची गुंडाळी) असलेला स्पीकर असेल, तर हे वाचून त्यात हात घालू नका. त्या कॉइलवर शेकडो व्होल्ट खेळत असतात आणि बऱ्याच रेडिओंत तीच वीजपुरवठ्याचा चोकही असते.

हाताशी काय हवं

- मल्टीमीटर, ज्यावर एसी व्होल्टची २ व्होल्टची रेंज आहे असा
- १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल आणि वायरचे दोन तुकडे
- १०० ओहम, ५ वॅटचा एक रोध (रेझिस्टर)
- ४.७ मायक्रोफॅरडचा एक फिल्म कपॅसिटर (ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा ड्रायव्हर, तपासताना संरक्षण म्हणून)
- सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, जुनं सोल्डर ओढायची तांब्याची जाळी
- हाताने फिरवायचे स्क्रूड्रायव्हर, व्हर्निअर कॅलिपर, स्टीलची पट्टी
- ३ मिमी जाडीची बंद छिद्रांची फोम पट्टी, सुतारी पांढरा गोंद
- हातमोजे आणि मास्क, कारण पेटीत काचेचं लोकर असू शकतं
- नोंदवही आणि फोनचा कॅमेरा

१. ड्रायव्हर खरंच गेलाय का, ते आधी ठरवा

डावा आणि उजवा स्पीकर अॅम्प्लिफायरवर अदलाबदल करून पाहा. बिघाड स्पीकरबरोबर सरकला तर तो स्पीकरमध्ये आहे. जागेवरच राहिला तर पेटी उघडायचं कारण नाही. अॅम्प्लिफायर चालू करून, काही न वाजवता, त्याच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. एखाद-दोन व्होल्ट दिसले तर तुमचा वूफर कोणी जाळला ते कळलं, आणि नवाही तिथेच जळेल.

मग ड्रायव्हर पेटीतून काढून, त्याची एक तरी वायर सोडवून, रोध मोजा. ८ ओहमच्या ड्रायव्हरला मीटरवर साधारण ५.५ ते ७ ओहम दिसतात, ४ ओहमच्याला ३ ते ३.६. ८ दिसत नाहीत म्हणून ड्रायव्हर खराब समजू नका. मीटर डीसी रोध दाखवतो, छापलेला आकडा एसीचा असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) तुटली, किंवा कोनकडे (पुढे दिसणाऱ्या शंकूकडे) जाणारी वेणीसारखी वायर टर्मिनलपाशी तुटली. दुसरं असेल तर सोल्डरच्या एका थेंबात काम होतं. तेव्हा भिंग घेऊन आधी तिथे पाहा.

आता दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि कोन अलगद, सरळ आत दाबा. कागदावर वाळू घासल्यासारखी बारीक खरखर हाताला जाणवली तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. एकाच बाजूने दाबलंत तर चांगली कॉइलही घासेल, म्हणून बोटांचा दाब सारखा हवा.

वूफरला सेलचा क्षणभर स्पर्श द्या. कोन पुढे उडी मारेल किंवा मागे जाईल. सेलचं धन टोक ज्या टर्मिनलवर असताना कोन पुढे येतो, ते धन टर्मिनल. टर्मिनलवरच्या लाल ठिपक्यावर विसंबू नका. जुन्या जेबीएल ड्रायव्हरमध्ये लाल टर्मिनलला धन दिलं की कोन आत जातो, तो त्या काळचा त्यांचा प्रघात होता. ट्वीटरला सेल लावू नका. त्याला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत जोडून हलका आवाज द्या आणि ऐका.

ट्वीटर किंवा मिडरेंज (मधल्या स्वरांचा ड्रायव्हर) बंद असेल तर त्याच्या आवाजाची मागची घुंडीही तपासा. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या बऱ्याच पेट्यांत तार गुंडाळलेला पोटेन्शिओमीटर असे. तो आतून हिरवा पडतो आणि ड्रायव्हर मेल्यासारखा वाटतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घुंडी पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कितीतरी ‘मेलेले’ ट्वीटर एवढ्यावर बोलू लागतात.

२. फक्त फोम सडला असेल तर ड्रायव्हर बदलू नका

१९७० नंतर वूफरच्या कोनभोवती फोमचा सराउंड (कोनला फ्रेमशी जोडणारी लवचीक कड) सर्रास आला. तो दहा-वीस वर्षांत आपोआप सडतो, वाजवा किंवा न वाजवा. नख लावलं की चिकट भुगा हातात येतो. रोध बरोबर असेल आणि कोन दाबल्यावर कॉइल घासत नसेल, तर नवा सराउंड चिकटवणं हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. जुना ड्रायव्हर, जुनी पेटी, जुना क्रॉसओव्हर, सगळं एकमेकांचं राहतं.

मापं चार लागतात: फ्रेमच्या चिकटपट्टीचा बाहेरचा व्यास, सराउंडच्या फुगीर वळीचा बाहेरचा व्यास, वळीचा आतला व्यास आणि कोनचा व्यास. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून काढा. ॲसिटोन नको, ते गोंदाबरोबर काही प्रकारच्या प्लॅस्टिकचा कोनही खाईल. आधी सराउंड कोनला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. फ्रेमला चिकटवताना २५ ते ३० हर्ट्झचा स्वर अगदी हळू वाजत ठेवा, म्हणजे कोन हलत असताना घासण्याचा आवाज लगेच कळतो आणि गोंद ओला आहे तोवर कोन केसभर सरकवता येतो. मग २४ तास हात लावू नका.

कॉइल जळाली आहे, काळी पडून फुगली आहे, कोन फाटून लगदा झालाय, किंवा ट्वीटरची कॉइल तुटली आहे, तर पुढे चला.

३. काढताना नोंद ठेवा

स्क्रू सोडवण्यापूर्वी फोटो. वायर सोडवण्यापूर्वी फोटो. कोणत्या रंगाची वायर कोणत्या टर्मिनलवर होती ते लिहून. क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असू शकतो, आणि ‘चूक दुरुस्त’ केलीत तर मधल्या स्वरात खड्डा पडतो.

इथे एक अपघात हमखास होतो. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर वूफरच्या चुंबकाजवळ नेला की तो हातातून खेचला जातो आणि टोक थेट कोनमधून आरपार. दुसऱ्या हाताचा तळवा कोन आणि टोकाच्या मध्ये आडवा धरा. मशीनने स्क्रू पिळू नका.

मापं घ्या ती अशी: फ्रेमचा बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास, स्क्रूची भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, भोकांची संख्या, पुढच्या फळीची जाडी, आणि फळीपासून मागच्या फळीपर्यंतची खोली. ‘आठ इंची’ हे बोलायचं नाव आहे. दोन कंपन्यांच्या आठ इंची फ्रेममध्ये सेंटिमीटरभर फरक सहज निघतो. नव्या ड्रायव्हरचा फेराइट चुंबक जुन्या अल्निको चुंबकापेक्षा बराच रुंद असतो, तेव्हा तो पेटीतल्या आडव्या पट्टीला अडणार नाही ना हेही बघा. चुंबकाला मागे मधोमध हवेचं भोक असेल तर त्याच्यामागे किमान २० ते २५ मिमी मोकळी जागा लागते.

४. पेटी मोजा आणि वूफरचे आकडे जुळवा

सगळं खरं काम या पायरीत आहे.

पेटीची आतली लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा, लिटर मिळतात. समजा आतून ३० × २५ × ५२ सेंमी आहे, म्हणजे ३९ लिटर. पट्ट्या आणि ड्रायव्हरने अडवलेली जागा वजा करून ३७ धरा.

नव्या वूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधा. एफएस (Fs) म्हणजे मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता. क्यूटीएस (Qts) म्हणजे तो अनुनाद किती आवरलेला आहे. व्हास (Vas) म्हणजे सस्पेन्शनइतकीच (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांइतकीच) लवचीक हवा किती लिटर. हे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये पुढे नेलं. त्यामुळे त्याआधीच्या ड्रायव्हरचे हे आकडे छापील मिळत नाहीत. एक जुना वूफर शाबूत असेल तर त्याचेच मोजून घ्या. नव्यासाठी नुसता वॅटचा आकडा देणारा आणि हे तीन न देणारा विक्रेता सोडून द्या.

बंद पेटीसाठी सूत्र सोपं आहे. व्हासला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या संख्येने क्यूटीएस गुणलं की पेटीतला क्यू मिळतो, आणि एफएस गुणलं की पेटीतला अनुनाद. पेटीतला क्यू ०.७ च्या आसपास आला तर खर्ज सपाट आणि आवरलेला. १ पर्यंत थोडा भरदार. १.२ च्या वर घुमणारा.

आपल्या ३७ लिटरच्या पेटीत ७४ लिटर व्हासचे तीन आठ इंची वूफर घालून पाहू. ७४ ÷ ३७ = २, अधिक १ म्हणजे ३, वर्गमूळ १.७३.

- क्यूटीएस ०.३८, एफएस ३२: पेटीतला क्यू ०.६६, अनुनाद ५५ हर्ट्झ. हा घ्या.
- क्यूटीएस ०.७०, एफएस ४५: पेटीतला क्यू १.२१, अनुनाद ७८ हर्ट्झ. एकाच स्वरावर ढबढब करणार.
- क्यूटीएस ०.२५, एफएस ४०: पेटीतला क्यू ०.४३. अनुनाद ६९ हर्ट्झ, आणि खर्ज त्याच्या बराच आधीपासून उतरायला लागतो. वाद्यवृंदातला डबल बेस शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो.

तिघांचाही व्यास तोच. दिसायलाही सारखे असू शकतात.

१९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी आणलेल्या अकॉस्टिक सस्पेन्शन पद्धतीच्या छोट्या बंद पेट्या आणखी हट्टी. त्यांचा मूळ वूफर मुद्दाम अतिशय ढिला ठेवलेला असतो आणि पेटीतली हवाच स्प्रिंगचं काम करते. तिथे कडक सस्पेन्शनचा, सभागृहासाठी बनवलेला वूफर घातला तर खर्ज उरणारच नाही.

पेटीला नळी किंवा छिद्र असेल तर क्यूटीएस ०.३ ते ०.४ च्या दरम्यानचा वूफर शोधा, आणि विनआयएसडीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पेटीचे लिटर, नळीचा व्यास आणि लांबी घालून आलेख पाहा. नळी लांब केली की सूर खाली उतरतो, आखूड केली की वर चढतो. मिळालेल्या वूफरचा क्यूटीएस ०.५ च्या वर असेल तर नळी फोमच्या बोळ्याने घट्ट बंद करून तीच पेटी बंद पेटी म्हणून मोजा. बऱ्याचदा तेच बरं वाजतं.

एफएस घरी मोजता येतो. अॅम्प्लिफायर, १०० ओहमचा रोध आणि वूफर मालिकेत जोडा, फोनवरून एकेक वारंवारता द्या, वूफरच्या दोन टोकांवर एसी व्होल्ट पाहा. आकडा जिथे सर्वांत वर जातो तो एफएस. अगदी नवा वूफर तासन्‌तास हलवल्याशिवाय मोजू नका, ताठ सस्पेन्शनमुळे आकडा चढा येतो.

५. ओहम आणि डेसिबल

८ च्या जागी ४ ओहमचा ड्रायव्हर बसवला की दोन गोष्टी बिघडतात. अॅम्प्लिफायरवर ताण येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट निसटते: क्रॉसओव्हरचा बिंदू, म्हणजे ज्या वारंवारतेला स्वरांची वाटणी होते तो छेद, सरकतो. ट्वीटरसमोर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ८ ओहमवर छेद सुमारे ४२०० हर्ट्झला पडतो, ४ ओहमवर थेट ८५०० जवळ. मधले स्वर कोणीच वाजवत नाही. क्रॉसओव्हरमध्ये वूफरसमोर असलेल्या कॉइलचं याच्या उलट: ओहम निम्मे केले की छेद निम्म्यावर उतरतो. दोन्ही ड्रायव्हर ४ ओहमचे घातले तर मध्ये मोठी दरी. जुन्या १५-१६ ओहमच्या पेट्यांत ८ ओहमचा ड्रायव्हर घालताना हेच होतं.

संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या विजेवर आवाज किती मोठा येतो ते, डेसिबलमध्ये असते, पण ती १ वॅटवर मोजली की २.८३ व्होल्टवर, ते वाचा. ४ ओहमचा ड्रायव्हर २.८३ व्होल्टवर २ वॅट खातो, म्हणून त्याच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच १ वॅटच्या आकड्याशी तुलना करा. गाडीत बसवायचे बहुतेक ड्रायव्हर ४ ओहमचे असतात आणि त्यांतल्या खर्जाच्या वूफरची संवेदनशीलता कमी असते. व्हॉल्व्हच्या रेडिओतून तर जेमतेम तीन-चार वॅट मिळतात, तिथे ८४ डेसिबलचा ड्रायव्हर म्हणजे कुजबुज.

६. ट्वीटर

ट्वीटर वूफरइतकाच किंवा जास्त संवेदनशील निवडा. जास्त असेल तर दोन रोधांनी खाली आणता येतो, कमी असेल तर वर नेता येत नाही. ८ ओहमच्या ट्वीटरसाठी, एक रोध मालिकेत आणि दुसरा ट्वीटरला समांतर:

- ३ डेसिबल कमी: मालिकेत २.३, समांतर १९.४ ओहम
- ४ डेसिबल: ३ आणि १३.७
- ६ डेसिबल: ४ आणि ८

बाजारात मिळणारे जवळच्या ओहमचे, १० वॅटचे रोध चालतात. हे दोन्ही कपॅसिटरच्या पुढे, ट्वीटरच्या बाजूला बसवा, म्हणजे क्रॉसओव्हरला ८ ओहमच दिसत राहतात.

ट्वीटरचा एफएस क्रॉसओव्हरच्या निम्म्याहून खाली हवा. क्रॉसओव्हरमध्ये नुसता एक कपॅसिटर असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. पिझो ट्वीटर स्वस्त असतो, पण तो विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखा वागतो, तेव्हा जुन्या क्रॉसओव्हरचं गणित त्याला लागू पडत नाही. तो मोह टाळा.

७. क्रॉसओव्हर

जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मूल्य बदलतात आणि त्यांचा आतला रोध वाढतो. एक पाय सोल्डरमधून सोडवून मोजा. १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त हुकला असेल तर बदला. नवा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक किंवा फिल्म, १०० व्होल्टचा. धन-ऋण खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही. ट्वीटरसमोर फिल्म घातल्यावर आवाज अचानक तीक्ष्ण वाटला तर मालिकेत ०.५ ओहमचा रोध घाला, जुन्या कपॅसिटरमध्ये तेवढा आपसूकच असायचा.

आता एक सापळा, जो फारसा कोणी सांगत नाही. पुष्कळ जुन्या पेट्यांत वूफरसमोर कॉइलच नसते. जुना कागदी कोन तीन-चार हजार हर्ट्झनंतर आपणहून गप्प व्हायचा, म्हणून लागत नसे. त्या जागी पॉलिप्रोपिलीन किंवा धातूचा कोन घातला तर तो वर कुठेतरी शिट्टी मारल्यासारखा उसळी घेतो. म्हणून शक्यतो कागदी कोनचाच ड्रायव्हर घ्या. नाहीच मिळाला तर मालिकेत कॉइल द्या: ८ ओहम आणि ३००० हर्ट्झसाठी ०.४२ मिलिहेन्री. वूफरचं इंडक्टन्स (वारंवारता वाढली की कॉइल जास्त अडवते तो गुण) जास्त असेल तर त्याला समांतर एक रोध-कपॅसिटरची जोडीही लागते. रोध डीसी रोधाच्या सव्वापट, कपॅसिटर म्हणजे इंडक्टन्स भागिले रोधाचा वर्ग. ६ ओहम आणि ०.८ मिलिहेन्रीला ७.५ ओहम आणि सुमारे १४ मायक्रोफॅरड.

८. बसवणं

ड्रायव्हर जोडीने बदला. एका पेटीत जुना आणि दुसरीत नवा ठेवलात तर गायक मधोमध उभा राहत नाही, स्वराप्रमाणे इकडेतिकडे सरकतो.

नवी फ्रेम लहान असेल तर ९ ते १२ मिमी प्लायवूडची कडी कापून आतून-बाहेरून गोंद लावून बसवा. भोक मोठं करायचं असेल तर सगळे ड्रायव्हर बाहेर काढा, चुंबक कापडात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. लाकडाचा भुसा झटकता येतो, लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटीत गेला की निघत नाही.

स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर आगपेटीच्या काड्या गोंदात बुडवून कोंबा, वाळल्यावर सपाट कापा, नवं बारीक भोक पाडा. फ्रेमखाली फोमची पट्टी पूर्ण वर्तुळात लावा, टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे पिळा. एकच बाजू आवळली तर पत्र्याची फ्रेम वाकते आणि नवी कोरी कॉइल घासायला लागते. पेटीतलं लोकर जेवढं होतं तेवढंच परत भरा. नवं भरायचं तर लिटरला सुमारे ८ ग्रॅम ही सुरुवात धरा.

बंद पेटी हवाबंद झाली का ते पाहायला कोन हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश, लोण्यातून आल्यासारखा परत आला तर ठीक. पटकन परत आला तर कुठेतरी फट आहे, बहुधा टर्मिनलच्या ताटलीपाशी.

९. पहिला आवाज

आवाज तळाशी ठेवून दहा मिनिटं वाजवा, ड्रायव्हरजवळ नाक नेऊन जळका वास येतो का पाहा. मग २० ते २०० हर्ट्झचा स्वर हळूहळू वर चढवा. एखाद्या ठिकाणी तरररर असा आवाज आला तर आधी वायर कोनला लागते आहे का, जाळी सैल आहे का, ते तपासा. ड्रायव्हरवर संशय सगळ्यात शेवटी.

दोन्ही पेट्या एकमेकींना खेटून, तोंडं एकाच दिशेला ठेवा आणि एकाच वाहिनीचा खर्ज वाजवा. एका पेटीच्या वायर उलट केल्यावर खर्ज वाढला तर आधीची जोडणी चुकीची होती. ट्वीटरची दिशा मात्र बोलण्याच्या आवाजावर ठरवा. दोन्ही प्रकारे जोडून ऐका आणि ज्यात निवेदकाचा आवाज भरीव आणि समोरून येतो ती ठेवा.

शेवटी एका कागदावर नव्या ड्रायव्हरचं नाव, ओहम, बदललेल्या कपॅसिटर-रोधांची मूल्यं आणि वायरचे रंग लिहून तो पेटीच्या आत चिकटवा. जुना ड्रायव्हर फेकू नका. कोनवर पुठ्ठा बांधून, पिशवीत घालून ठेवून द्या. पुढे कधी त्याची कॉइल कोणी भरून देणारा भेटला तर पेटी मूळ रूपात आणता येईल, आणि प्लायवूडची कडी गोंदाऐवजी स्क्रूने लावली असेल तर भोकही पूर्वीचंच सापडेल.